पोपटपंची आणि पिंजरा

अर्थ न समजता केलेल्या पाठांतरास मराठीत पोपटपंची म्हणतात. हा शब्द शिक्षकांच्या तोंडी वारंवार येतो. परंतु पोपट मनुष्याचे शब्द का उच्चारतो, याचा विचार क्वचितच केला जातो. तो केल्यास पक्ष्यांवरील पाठास निराळे वळण लागते. शाळेत येणाऱ्या काही मुलांच्या घरी आजही ओसरीवर पिंजरा टांगलेला असतो, म्हणून हा विचार अगत्याचा आहे.

पोपट बोलतो कशासाठी?

आपल्याकडील राघू हा थव्याने राहणारा पक्षी होय. थव्यातील पक्षी सतत साद घालून परस्परांशी संबंध राखतात. पिंजऱ्यात एकटा पडलेला पक्षी घरातील माणसांनाच आपला थवा मानतो आणि त्यांचे शब्द उचलतो. म्हणजे ‘मिठू मिठू’ हा निव्वळ खेळ नसून ती सोबतीसाठी मारलेली हाक असते.

पोपटाची बुद्धीही सामान्य नाही. अमेरिकेतील संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 साली आफ्रिकेतील करड्या जातीचा अ‍ॅलेक्स नावाचा पोपट घेऊन त्यास शिकविण्यास आरंभ केला. पक्षी 2007 साली मरण पावला, तोवर हे कार्य चालू होते. अ‍ॅलेक्स अनेक वस्तूंची नावे, त्यांचे रंग व आकार आणि सहापर्यंतच्या संख्या सांगू शकत असे. दोन वस्तूंत साम्य कशात व भेद कशात, या प्रश्नासही तो उत्तर देई. ज्याला आपण पोपटपंची म्हणतो, तिच्यापलीकडे खुद्द पोपट गेला होता.

घरातील पक्ष्याच्या गरजा

अशा पक्ष्यास डाळ, मिरची आणि पाण्याची वाटी एवढ्याने भागत नाही. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून तो ती आवडीने खातो. परंतु त्यास फळे, पालेभाज्या व निरनिराळे दाणेही हवेत. रात्री दहा-बारा तास शांत काळोख हवा. पंख पसरण्यास जागा, कुरतडण्यास लाकूड आणि दिवसभर सोबत हवी. सोबत न मिळाल्यास काही पक्षी स्वतःचीच पिसे उपटू लागतात. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते. नॉनस्टिक तवा अति तापून निघालेल्या वाफेनेही ते दगावतात. शिवाय वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा रोग मनुष्यास होऊ शकतो, म्हणून पिंजरा हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक होय.

करडा पोपट चाळीस वर्षे व त्याहून अधिकही जगतो. मालकाची हौस मात्र इतकी टिकत नाही. घर बदलते, आजारपण येते, वार्धक्य येते आणि पक्षी निराधार होतो.

एका आश्रयस्थानातील घटना

अशा पक्ष्यांसाठी काही देशांत आश्रयस्थाने निघाली आहेत. इंग्लंडात लिंकनशायर परगण्यात फ्रिस्कनी येथील वन्यजीव उद्यानात लोकांनी आणून दिलेले शेकडो पोपट सांभाळले जातात. 2020 साली तेथे पाच निरनिराळ्या घरांतून आलेले पाच करडे पोपट एकत्र ठेवण्यात आले. ते पाचही जण शिव्या देऊ लागले. एकाने शिवी दिली की दुसरा हसे, कारण पूर्वी माणसे शिवी ऐकून हसत असत व ते हसणेही त्यांनी उचलले होते. अखेर त्यांना एकमेकांपासून दूर करून इतर पक्ष्यांत ठेवावे लागले. पक्ष्यांचा त्यात दोष नव्हता. ज्या घरात ते राहिले, त्या घराची भाषा ते बोलत होते. मुलांसमोर आपण काय बोलतो, हे शिक्षकांनी व पालकांनीही या घटनेवरून ध्यानात घ्यावे.

कायदा काय सांगतो?

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये राघूसारखे देशी पोपट पकडणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे. झाडांच्या ढोलीतून पिले काढली जातात, तेव्हा त्यांतील कित्येक बाजारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मरतात. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा लहान पक्षी बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतील होय. असे काही विदेशी पक्षी पाळता येतात. मात्र आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत ज्यांचा समावेश आहे, त्या जातींची नोंद 2024 सालच्या नियमांप्रमाणे शासनाकडे करावी लागते.

शिक्षकांनी काय करावे?

1. ज्या मुलाच्या घरी राघू असेल, त्यास वर्गात लाजवू नये. त्या मुलाचे पक्ष्यावर प्रेम असते व पिंजरा त्याने आणलेला नसतो. पालकांशी स्वतंत्रपणे व सौम्य शब्दांत बोलावे.

2. पिंजऱ्याचे दार उघडून पक्षी सोडून देण्यास सांगू नये. पंख कापलेला, माणसाळलेला पक्षी अन्न शोधू शकत नाही व मांजर-कावळ्यांच्या तोंडी पडतो. वनरक्षकास किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यास कळवून पक्षी त्यांच्या स्वाधीन करावा.

3. ढोलीतून पिले काढू नयेत, हे मुलांना पिलांच्या हंगामापूर्वीच, हिवाळ्यात समजावून सांगावे. गावातील ढोली असलेली जुनी झाडे मुलांकडून मोजवून घ्यावीत व त्यांची नोंद शाळेत ठेवावी.

4. सायंकाळी राघूंचे थवे कोणत्या दिशेने जातात, कोणत्या झाडावर उतरतात, नराच्या गळ्याभोवती कंठ दिसतो काय, याचे निरीक्षण मुलांकडून एक महिनाभर लिहवून घ्यावे.

एवढे झाल्यावर ‘पोपट’ हा पाठ वर्गात घ्यावा. मुले तेव्हा पुस्तकातील ओळी नुसत्या म्हणून दाखविणार नाहीत. स्वतः पाहिलेले सांगू लागतील.