न चाखलेली भांग

बालाघाटावर एका पोर्तुगीज विदूषकाने भांगेच्या माजुमाच्या एक-दोन वड्या खाल्ल्या. रात्री तो चांगलाच रंगात आला, पण त्याचं बोलणं कुणाला उमगेना. मग रंग उतरला आणि तो उदास होऊन रडू लागला, दुःखात पार बुडून गेला. त्याला मळमळूही लागलं. हे सगळं पाहून पुढे लिहून ठेवणारा माणूस पेशाने वैद्य होता. त्याचं नाव गार्सिया द ऑर्टा.

सह्याद्री चढून गेल्यावर लागणाऱ्या सगळ्या मुलखाला तेव्हाचे पोर्तुगीज बालाघाट म्हणत, म्हणजे हा आपलाच प्रदेश. छत्रपती संभाजीनगर तेव्हा नव्हतं. त्याच्या जागी मलिक अंबरने खडकी वसवली ती १६१० मध्ये. पण दौलताबादचा किल्ला १४९९ पासून अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता आणि त्या निजामशाहीच्या दरबारात ऑर्टाचं येणंजाणं होतं. बुऱ्हाण निजामशाह त्याचा रोगीही होता आणि स्नेहीही. वर्षातले काही महिने दरबारात येऊन राहण्यासाठी सुलतानाने मोठ्या नेमणुकीची तयारी दाखवली होती. ऑर्टाने ती घेतली नाही.

मन बदलून टाकणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास म्हटलं की आज अल्बर्ट हॉफमन आठवतो. १९ एप्रिल १९४३ रोजी त्याने स्वतःवर एलएसडीचा प्रयोग केला आणि बाझलच्या रस्त्यांवरून सायकलने घर गाठलं. या अभ्यासाची गोष्ट बहुतेक तिथूनच सांगतात. मला ती गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या एका पुस्तकापासून सांगावीशी वाटते. त्या पुस्तकाचा कर्ता ऑर्टा स्वतः भांग प्यायला नाही, आणि न पिण्यामागचं कारण त्याच्या आयुष्यात दडलेलं आहे असं माझं मत झालं आहे.

‘हिंदुस्थानातील वनौषधी आणि द्रव्यांविषयी संवाद’ हे पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी योहानेस द एंडेम याच्या छापखान्यातून बाहेर पडलं. गोव्यात छपाईयंत्र येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती आणि पुस्तकात छपाईच्या चुका खच्चून भरल्या होत्या. कामोइश या पोर्तुगालच्या महाकवीची छापली गेलेली पहिली कविता याच पुस्तकाच्या आरंभी आहे. सगळी रचना संवादाची. स्पेनमध्ये शिकलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य गोव्यात येतो आणि ऑर्टाला एकेका द्रव्याविषयी विचारतो. तो ग्रीक आणि अरब ग्रंथकारांची वचनं पुढे करतो, ऑर्टा स्वतः काय पाहिलं ते सांगतो. मधेच अंतोनिया ही घरातली नोकर मुलगी हाकेला ओ देते, फळं आणते, औषधं आणते. आंबा, फणस, चिंच, वेलदोडा, जायफळ, हिंग यांची हकीकत इथे आहे. दख्खनच्या सुलतानांच्या घराण्यांची आहे, घारापुरीच्या लेण्यांचीही आहे. ऑर्टाकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं. तिथलं आपलं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं, हेही तो कौतुकाने सांगतो.

भांग येते आठव्या संवादात. पानं वाळवून कुटतात, कधी त्यात बी घालतात. कुणी कोवळी सुपारी घालतं, कुणी जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, श्रीमंत असेल तर अंबर आणि कस्तुरी, आणि काही जण अफूही. या कृतीत नवं काही नाही, ती बाजारात कुणालाही मिळाली असती. नवं आहे ते पुढे. भांगेने काय होतं, हे ऑर्टा एका वाक्यात सांगून मोकळा होत नाही. कुणी खाल्ली आणि त्याचं काय झालं, हे तो माणसागणिक सांगतो. त्याच्याच घरच्या नोकरांनी त्याच्या नकळत भांग घेतली होती. कामाचा शीण वाटेनासा झाला, मन खूश झालं आणि भूक खवळली, असं त्यांनी सांगितलं. गुजरातचा सुलतान बहादूरशाह पोर्तुगीज आरमारप्रमुख मार्तिम आफोंसो द सोझाला म्हणाला होता की, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराणला जावंसं वाटलं की थोडी भांग घेतली की झालं. आणि याच संवादात बालाघाटावरचा तो विदूषक आहे, ज्याच्या वाट्याला रडणं आणि मळमळ आली.

द्रव्य एकच असताना नोकराला विसावा मिळतो, सुलतानाला देशाटन घडतं आणि विदूषकाला शोक होतो. घेणाऱ्याची मनःस्थिती आणि भोवतालची परिस्थिती यांवर अनुभव ठरतो, हे तत्त्व आज या क्षेत्रातले बहुतेक संशोधक धरून चालतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर ग्रंथ लिहिले गेले. ऑर्टाने तत्त्व मांडलं नाही, पण त्यासाठी लागणारी माणसं शेजारी शेजारी आणून उभी केली.

अफूबद्दलही त्याची रीत तीच. निजामशाहाचा एक खुरासानी चिटणीस रोज तीन तोळे अफू खाई. शिकलेला, उत्तम लेखणीचा माणूस, पण सदा पेंगलेला. एवढी अफू खाऊन हा जगतो कसा, याचं उत्तर सवयीत आहे हे त्यातून उघड होतं. धोतऱ्याचा संवाद तर अगदी घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. अन्नात धोतरा घालून लुटण्याची युक्ती तेव्हाही चालू होती. धोतरा पोटात गेलेला माणूस हसत राहतो, दागिने काढून नेले तरी अडवत नाही. अशा रोग्याला ओकारी कशी काढायची, बस्ती केव्हा द्यायचा, हे ऑर्टा तपशिलाने सांगतो. आपल्याकडे उकिरड्यावर उगवणारं हे झाड चोराच्या हातात जाऊन काय करतं, ते त्याने रोग्यांच्या उशाशी बसून पाहिलं होतं.

मग एवढं सगळं विचारणारा, पाहणारा हा माणूस स्वतः भांग घेत का नाही? मी घेतलेली नाही आणि घेण्याची इच्छाही नाही, असं तो त्याच संवादात सांगतो. उत्तर शोधायला त्याच्या घरी जावं लागतं.

ऑर्टाचा जन्म साधारण १५०१ चा, पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हीद गावचा. आईवडील स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलले गेलेले ज्यू. १४९७ मध्ये पोर्तुगालने ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं, तेव्हापासून अशी घराणी ‘नवख्रिस्ती’ म्हणून संशयाखाली जगत होती. सालामांका आणि आल्काला इथे शिकून, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवून ऑर्टा १५३४ मध्ये सोझाच्या आरमाराबरोबर निघाला आणि गोव्यात आला. दोन वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना हुडकून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, सुरू झालं. १५४७ मध्ये त्याच्या बहिणींना लिस्बनला पकडलं. सुटल्यावर आई आणि बहिणी त्याच्याकडे गोव्याला आल्या. पण १५६० मध्ये इन्क्विझिशनही गोव्यात येऊन ठेपलं.

अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या छपाईवर १९५८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि गोव्याच्या इन्क्विझिशनवर १९६१ मध्ये. ऑर्टाचं एक आयुष्य समजून घ्यायला हे दोन्ही विषय लागतात. त्याचं पुस्तक छापलं गेलं, तेव्हा इन्क्विझिशनचं कचेरीघर त्याच शहरात तीन वर्षं काम करत होतं.

हे ध्यानात ठेवून विदूषकाची रात्र पुन्हा वाचली की ती वेगळी दिसते. भांग घेतलेल्या माणसाचा तोंडावरचा ताबा सुटतो, हे ऑर्टाने स्वतः पाहिलं होतं. नोकरांनी भरलेल्या घरात, शुक्रवारच्या रात्री, म्हणजे ज्यूंचा शब्बाथ सुरू होतो तेव्हा, घरात काय चालतं याची चौकशी करणाऱ्या शहरात, ज्याच्या मनात एक धर्म आणि ओठांवर दुसरा आहे अशा माणसाला एक रात्रही ताबा सोडून चालणार नव्हतं. तो हे लिहीत नाही, लिहिणं शक्यही नव्हतं. हा माझा तर्क आहे, पण पुस्तकाचा घाटही त्याच दिशेला बोट दाखवतो. मान्यवर ग्रंथकारांविरुद्ध जाणारं मत संवादात सांगितलं की ते वादातलं एका बाजूचं बोलणं ठरतं. आपलं म्हणणं असं थोडं आडून मांडण्याची सवय ऑर्टाला जन्मापासून होती. आणि ज्याला स्वतः बोलता येत नाही, तो इतरांचं फार नीट ऐकतो. नोकर, विदूषक, चिटणीस आणि अंतोनिया या पुस्तकात एवढे जिवंत का, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

ऑर्टा १५६८ मध्ये वारला. लगेच बहीण कातारिनाला अटक झाली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळलं. तिच्या नवऱ्याच्या जबानीत ऑर्टाचंही नाव आलं, तो मनाने ज्यूच होता म्हणून. १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. ही हकीकत ऑगुस्तो दा सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनी इन्क्विझिशनचे कागद चाळून १९३४ मध्ये उजेडात आणली. तोवर ऑर्टा हा राजाश्रयाखाली सुखाने नांदलेला वैद्य म्हणूनच ठाऊक होता. ऑर्टाचं पुस्तक आणि ही जबानी, एकाच शहरात, एकाच दशकात माणसांकडून गोष्टी काढून घेऊन कागदावर उतरवण्याच्या या दोन रीती होत्या. एकीत नोकर आपणहून सांगतो की भांगेने मला भूक लागली. दुसरीत नवरा बायकोच्या घरातली कुजबुज सांगतो.

हाडं जळाली तेव्हा पुस्तक युरोपभर पोचलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्ये अँटवर्पला छापला आणि त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. मात्र क्लुसियसने संवाद काढून टाकला. झाडं, पानं, गुणधर्म ठेवले, आणि बोलणारी माणसं गेली. युरोपने ऑर्टाला तीन शतकं मुख्यतः या रूपात वाचलं.

पुढचं विज्ञानही बरंचसं त्याच वाटेने गेलं. कलकत्त्यात ओशॉनेसीने १८३९ मध्ये गांज्याचे प्रयोग आधी जनावरांवर, मग रोग्यांवर केले. १९६४ मध्ये गाओनी आणि मेकूलम यांनी टीएचसी हे त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. या कामांचं मोल मोठं आहे. पण माणसांना विचारण्याचं काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर केलं ते ब्रिटिश सरकारच्या भांग-गांजा आयोगाने १८९३-९४ मध्ये. त्याने १,१९३ साक्षीदारांना विचारून काढलेला निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, बिघडतं ते अतिसेवनाने.

काउंट फिकाल्यो यांनी मूळ पोर्तुगीज संवाद १८९१ ते १८९५ या काळात सटीप छापले आणि मार्कहॅमने १९१३ मध्ये ते इंग्रजीत आणले. त्यामुळे बालाघाटावरचा विदूषक, पेंगणारा खुरासानी चिटणीस आणि नोकरांची ती भूक पुन्हा वाचायला मिळाली. मनावर चालणाऱ्या औषधांच्या चाचण्या घेणाऱ्यांनी आठवा संवाद मुळातून वाचावा. कुणी किती खाल्ली, कशात मिसळून खाल्ली, रात्रीच्या कोणत्या टप्प्यावर काय झालं आणि कुणाच्या देखत, एवढे रकाने त्यात साडेचारशे वर्षांपूर्वी भरलेले आहेत.