परक्यांची वंशावळ

नवरात्र जवळ आलें कीं माळ्यावरची जुनी पेटी खालीं उतरावी, आंतील पोथ्या व कागद उलगडून त्यांस ऊन दाखवावें आणि वेखंडाचे तुकडे घालून पुन्हां रुमालांत बांधून ठेवावे, हा प्रघात आपल्यापैकीं पुष्कळ घरांतून चालत आला आहे. एखाद्या पिढीनें तो मोडला म्हणजे कसर व वाळवी काय करून ठेवितात, हें अनुभवी वाचकांस सांगावयास नको. पण ज्या कागदांचे धनीच देश सोडून कायमचे निघून गेले, ते कागद कोणीं जपावे? या प्रश्नाचें एक बोधप्रद उदाहरण मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस आहे. तें आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तेथील सेंट जॉर्ज किल्ल्यांत ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज लोक राहत. गव्हर्नर स्ट्रेनशॅम मास्टर यांच्या पुढाकारानें त्यांनीं आपसांत वर्गणी जमविली, २५ मार्च १६७८ रोजीं कामास आरंभ केला आणि २८ ऑक्टोबर १६८० रोजीं सेंट मेरीचें चर्च उपासनेस खुलें झालें. सुएझच्या पूर्वेकडे अँग्लिकन पंथाचें याहून जुनें चर्च नाहीं. भिंती चार फूट जाड आणि छप्पर लांकडाचें नसून पक्क्या कमानीचें. तोफेच्या गोळ्यांस दाद देऊं नये, अशी ही योजना.

बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या येथील नोंदी १६८० पासूनच्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरास तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांचीं नांवें सांपडतात, तसाच हा प्रकार म्हणावयाचा. चर्च उघडल्यावर आठवड्यानें, ४ नोव्हेंबर १६८० रोजीं, येथें पहिला विवाह झाला. वर एलिहू येल, वधू कॅथरिन हिनमर्स नांवाची विधवा. हाच येल पुढें मद्रासचा गव्हर्नर झाला व अमेरिकेंतील विख्यात येल विद्यापीठास त्याचें नांव मिळालें. कलकत्त्यास १६९० मध्यें इंग्रजांचें ठाणें घालणारा जॉब चार्नक याच्या तीन मुलींचा बाप्तिस्मा १६८९ मध्यें येथेंच झाला. रॉबर्ट क्लाइव्हचा विवाहही येथलाच. तारीख १८ फेब्रुवारी १७५३.

परंतु आमच्या मतें या वह्यांचें खरें मोल असल्या बड्या नांवांत नाहीं. क्लाइव्हची हकीकत शंभर ग्रंथांतून मिळेल. सहा सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून आलेला पोरसवदा कारकून, तापानें गेलेला शिपाई, वर्षही न पुरलेलें मूल, यांची जगांत राहिलेली खूण बहुधा त्या वहींतील एवढी एक ओळच. दगडाचाही भरंवसा नाहीं. इंग्रजांची जुनी दफनभूमि शहराच्या बाजूस होती. १७५८-५९ मध्यें फ्रेंच सेनापति लाली यानें किल्ल्यास वेढा दिला, तेव्हां त्याच्या सैन्यानें थडग्यांचा आडोसा घेतला. पुढें ते शिलालेख उचलून चर्चच्या आवारांत फरसबंदीसारखे बसविण्यांत आले. दगड एकीकडे, देह दुसरीकडे! कोण केव्हां मातीस मिळाला याची साक्ष द्यावयास कागदच काय तो उरला.

आणि हा कागद मोठा नाजूक. त्या काळची युरोपीय शाई हिराकस व मायफळ यांची करीत. तींतील आम्लता कालांतरानें कागदच खाते आणि अक्षराच्या जागीं भोंक पडतें. आपल्या मोडी दप्तराची काजळाची शाई कागदास अशी खात नाहीं, पण पाण्यानें पसरते. त्यांत मद्रासची दमट, खारी हवा! अशा कागदांवर आजचे जाणकार उपचार करितात ते असे: आम्लता मारणाऱ्या द्रव्यांनीं कागद शांत करणें, विटलेल्या पानास गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनें विरविरीत जपानी कागदाचा आधार देणें, आणि आम्लरहित पेटींत कोरड्या, थंड जागीं ठेवणें. प्रखर उन्हाचा मात्र ते निषेध करितात, कारण उन्हानें शाई उडते व कागद ठिसूळ होतो. गृहिणींनीं हें ध्यानांत ठेवावें. कागदांस सावलींतला वाराच बरा. चिकट पट्टी तर चुकूनही लावूं नये.

सर्वांत मोठा उपाय मात्र अगदीं साधा, तो म्हणजे दुसरी प्रत. मद्रासच्या नोंदींच्या नकला लंडनला धाडीत असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. पण ती मालिका १६९८ पासून सुरू होते. त्यापूर्वीच्या अठरा वर्षांसाठीं, म्हणजे येलच्या लग्नासाठीं व चार्नकच्या मुलींसाठीं, सारी भिस्त मद्रासेंत जपलेल्या वह्यांवर. त्यांस एक आग लागती, तर तीं वर्षें बुडालींच असतीं.

१९४७ च्या ऑगस्टांत राज्य गेलें, आणि त्याच वर्षीं २७ सप्टेंबर रोजीं दक्षिण हिंदुस्थानचा संयुक्त चर्चसंघ स्थापन झाला. सेंट मेरीचें चर्च त्यांत गेलें. आतां तेथला कारभार या देशांतील ख्रिस्ती मंडळींकडे आहे. वहींतल्या नांवांशीं त्यांचें रक्ताचें नातें नाहीं. मग परक्यांच्या मेलेल्यांची उठाठेव त्यांनीं कां करावी, असें कोणी विचारील. त्यास उत्तर त्याच चर्चमध्यें आहे. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ याचें कंपनीनें उभारलेलें स्मारक तेथें आहे. हा श्वार्ट्झ तंजावरच्या सरफोजी राजांचा बालपणींचा पालक. त्या सरफोजींनीं वाढविलेल्या सरस्वती महालांत भोसल्यांच्या दरबाराचे मोडी कागद आहेत. तंजावरचें मराठी राज्य १८५५ मध्यें संपलें. तरीही तमिळ देशांत ते कागद टिकले. आपले कागद ज्यांनीं परके म्हणून टाकून दिले नाहींत, त्यांचें ऋण आपणांवर आहेच.

तेव्हां येत्या नवरात्रांत पेटी उतरवाल, त्या वेळीं एवढें करावें. घरांतील वडीलधाऱ्यांस जवळ बसवून वंशावळ व जुने कागद वाचून घ्यावे, त्यांची स्वच्छ नक्कल करावी आणि ती पेटींत न ठेवितां दुसऱ्या गांवच्या भावाकडे धाडावी.