खेळाडूची बदली आणि रसिकांची निष्ठा

दारव्हा तालुक्यातील बोरी अरब काय किंवा वऱ्हाडातील दुसरे कोणतेही मोठे गाव काय, तेथील शिक्षक आणि कारकून मंडळींना 'बदली' या शब्दाचा अर्थ नव्याने सांगण्याची गरज नाही. उन्हाळा लागला की कोण जाणार, कोण येणार, कोणाचा वशिला कोठवर पोचला, याची चर्चा शाळेच्या व्हरांड्यापासून एस. टी. च्या थांब्यापर्यंत रंगते. आता या चर्चेच्या जोडीला आणखी एका बदलीची चर्चा आली आहे. ती आहे क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमधील खेळाडूंची. २०२५ च्या ऑगस्टपासून संजू सॅमसन राजस्थानचा संघ सोडणार अशा वावड्या उठत होत्या. अखेर १५ नोव्हेंबरला तो चेन्नईकडे गेल्याचे आणि त्याच व्यवहारात चेन्नईचा रवींद्र जडेजा राजस्थानकडे आल्याचे जाहीर झाले. मधल्या तीन महिन्यांत चहाच्या टपरीवर आणि महाविद्यालयाच्या आवारात किती तावातावाने वाद झाले असतील, याची कल्पना कोणालाही करता येईल.

खेळाच्या गप्पा म्हणून हा प्रकार सोडून देता आला असता. परंतु या वादांत जी भाषा वापरली जाते, ती विचार करावयास लावणारी आहे. जाणारा खेळाडू 'गद्दार' ठरतो, येणारा 'उपरा' ठरतो आणि ज्यांनी हा सौदा केला ते मात्र पडद्याआडच राहतात. हा राग योग्य ठिकाणी पोचतो आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या राजधानीतच घडले. हार्दिक पंड्या २०१५ ते २०२१ या काळात मुंबईकडून खेळला. पुढे तो गुजरातच्या नव्या संघाचा कर्णधार झाला आणि २०२२ मध्ये पहिल्याच वर्षी त्याने विजेतेपद मिळवून दिले. २०२३ च्या नोव्हेंबरात तो मुंबईस परतणार अशी कुजबुज सुरू झाली. २६ नोव्हेंबरला गुजरातने प्रसिद्ध केलेल्या यादीत त्याचे नाव कायम होते आणि दुसऱ्याच दिवशी तो मुंबईचा झाल्याची अधिकृत घोषणा झाली. या बदलीपोटी एका संघाने दुसऱ्यास नेमके किती द्रव्य दिले, हे मात्र जाहीर करण्यात आले नाही. १५ डिसेंबरला पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला बाजूस सारून हार्दिककडे कर्णधारपद सोपविण्यात आले.

त्यानंतर जे घडले ते क्रीडाप्रेमी म्हणविणाऱ्यांना भूषणावह नव्हते. २०२४ च्या मोसमात अहमदाबादेत त्याची हुर्यो उडाली, कारण तो सोडून गेला होता. वानखेडे मैदानावरही त्याची हुर्यो उडाली, कारण तो परत आला होता! १ एप्रिलला नाणेफेकीच्या वेळी प्रेक्षकांनी सभ्यतेने वागावे, असे संजय मांजरेकर यांना जाहीरपणे सांगावे लागले. त्या मोसमात मुंबईचा संघ तळाला गेला. आणि मग २९ जून २०२४ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सोळा धावा हव्या असताना चेंडू हार्दिकच्याच हाती होता. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयी संघाचे स्वागत झाले ते त्याच वानखेडेवर, आणि तेथे त्याच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता. बदलला होता तो केवळ अंगरखा.

रोहितला बाजूस सारण्याचा निर्णय संघाच्या चालकांचा होता. तो आवडला नाही, असे म्हणण्याचा प्रेक्षकांना पूर्ण अधिकार होता. परंतु निर्णय घेणारे मैदानावर दिसत नाहीत. दिसतो तो खेळाडू, आणि म्हणून दगड त्याच्यावर भिरकावला जातो. शिक्षकवर्गाला हा अनुभव परका नाही. गावात लोकप्रिय झालेल्या गुरुजींची बदली होते आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या गुरुजींकडे गाव वर्षभर वाकड्या नजरेने पाहते. वास्तविक त्या बिचाऱ्याने कोणाची जागा मागितलेली नसते. आदेश निघालेला असतो जिल्ह्याच्या ठिकाणी.

कोणी म्हणेल, ही तुलनाच चुकीची आहे. शिक्षकाच्या हाती बदलीचा कागद पडतो, तर खेळाडूच्या हाती कोटी कोटी रुपये. शिवाय या स्पर्धेत खेळाडूच्या संमतीवाचून त्याला दुसऱ्या संघाकडे देता येत नाही. हा आक्षेप खोटा नाही. मात्र त्या संमतीला मर्यादा आहेत. २०१० मध्ये याच जडेजावर एका मोसमाची बंदी घालण्यात आली होती. राजस्थानशी कराराचे नूतनीकरण न करता त्याने दुसऱ्या संघाशी स्वतःच बोलणी चालविली, हा त्याचा अपराध. संघांनी आपसांत देवाणघेवाण केली की तो व्यवहार आणि खेळाडूने आपला भाव स्वतः विचारला की तो नियमभंग, असा हा न्याय आहे. अमेरिकेत कर्ट फ्लड या बेसबॉलपटूने १९६९ मध्ये अशाच बदलीला नकार दिला. बारा मोसम एका संघासाठी खेळलेल्या माणसाला न विचारता दुसरीकडे पाठविण्याचा हक्क कोणाला आहे, हा त्याचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ मध्ये तो दावा हरला. मात्र त्याने वाचा फोडलेला प्रश्न पुढील काही वर्षांतच मालकांना सोडवावा लागला. पैसा भरपूर मिळाला म्हणून माणसाची वस्तू होत नाही, एवढे तरी त्या लढ्याने दाखवून दिले.

राग कोणावर धरावा याचा एक धडा अलीकडे बास्केटबॉलच्या प्रेक्षकांनी दिला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभी डॅलस संघाने आपला अव्वल खेळाडू लुका डॉनचिच याला अचानक लॉस एंजेलिसच्या संघास देऊन टाकले. आदल्या वर्षीच त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले होते. संतापलेल्या चाहत्यांनी क्रीडागृहासमोर शवपेटी आणून ठेवली आणि सामन्यामागून सामन्यांत व्यवस्थापक निको हॅरिसन यांना काढून टाकण्याच्या घोषणा दिल्या. एप्रिलमध्ये डॉनचिच प्रतिस्पर्धी म्हणून त्याच क्रीडागृहात आला, तेव्हा मात्र लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. त्याला अश्रू आवरेनात. नोव्हेंबरात हॅरिसन यांची गच्छंती झाली. डॉनचिच स्वतःहून गेला नव्हता, हा फरक मान्य केला तरी तेथील प्रेक्षकांना निर्णय कोणाचा हे नेमके कळले होते, हे लक्षात घ्यावयास हवे.

आता अफवांविषयी. अफवा पिकतात त्या लोक रिकामटेकडे असतात म्हणून नव्हे, तर व्यवहार बंद दाराआड होतात म्हणून. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला बाजार समितीच्या आवारात कापसाची बोली कानांनी ऐकता येते आणि भाव पटला नाही तर माल परत नेता येतो. भाव कमी मिळतो ही त्याची तक्रार रास्त आहे, पण बोली कोणी लावली हे त्याला ठाऊक असते. सरकारी नोकरांच्या बदल्यांसाठी २००५ मध्ये कायदा झाला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी २०१७ च्या शासन निर्णयाने संगणकीय पद्धत आली. वशिल्याच्या कहाण्या त्याने संपल्या असे नाही. तरीही अमुक वर्षे झाली की बदली आणि तिचे निकष हे, एवढे सांगता येऊ लागले. खेळाडूंच्या लिलावातही बोली उघड लागते. अदलाबदलीत मात्र यादी एक सांगते आणि दुसऱ्या दिवशीची घोषणा दुसरेच. मग मधल्या रात्री लोकांनी तर्क लढविले तर दोष कोणाचा?

विदर्भाच्या रसिकाची अडचण तर आणखी वेगळी आहे. या स्पर्धेत विदर्भाचा म्हणून संघ नाही. बोरी अरबच्या विद्यार्थ्याला मुंबई जितकी दूर, तितकीच चेन्नई दूर. त्यामुळे त्याची निष्ठा गावाशी नसते, ती माणसाशी असते. तो खेळाडू दुसरीकडे गेला की त्याच्या पाठोपाठ जावे की संघाशी राहावे, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो.

परंतु याच विदर्भाने 'उपरा' या शब्दाला चोख उत्तरही दिले आहे. २०१५ मध्ये मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळू लागला. मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. कर्णधार फैज फझल आणि गोलंदाज रजनीश गुरबाणी ही इथली माणसे त्यांच्या जोडीला होती. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा विजयी चौकार जाफरच्याच बॅटमधून निघाला. पुढच्या वर्षीही करंडक नागपुरातच राहिला. २०२५ मध्ये केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने शतक काढले आणि तिसरे विजेतेपद आले. त्यानंतर तो आपल्या राज्यात परतला. अमरावतीचा जितेश शर्माही बडोद्याकडे गेला. या येण्याजाण्याने कोणी कोणाचा विश्वासघात केला असे विदर्भातील जाणकार रसिक म्हणत नाहीत. जोवर तो आपल्यासाठी खेळला तोवर तो आपला होता, आणि त्याने केलेले काम तर कायमचे आपले आहे.

निष्ठेचा अर्थ असाच घ्यावयास हवा. खेळाडूकडून मागावयाची ती मैदानावरील प्रामाणिकपणाची निष्ठा. आयुष्यभराच्या वेठबिगारीची नव्हे. आणि चालकांकडे मागावयाचा तो उघड व्यवहार. कोणाला, का आणि किती किमतीला दिले, हे त्यांनी पैसे देऊन सामने पाहणाऱ्या लोकांना सांगितले पाहिजे. वाद घालण्याचा आनंद रसिकांनी जरूर घ्यावा; खेळाची अर्धी गोडी त्यातच आहे. मात्र हुर्यो उडविण्यापूर्वी आदेशावर सही कोणाची होती, एवढे त्यांनी अवश्य विचारावे. आपली बदली झाली तेव्हा गावकऱ्यांनी हेच विचारावे, असे आपल्यालाही वाटत होते.