परसातील ढालकिडा

दिवाळी उलटून थंडी पडू लागली, की परसातील वालाच्या वेलावर मावा पडतो. कोवळे शेंडे बारीक काळ्या किड्यांनी भरून जातात. पाने आक्रसतात व चिकट होतात. अशा वेळी त्या वेलावर एक इवलासा तांबडा पाहुणा हमखास येतो. अर्धा वाटाणा पालथा ठेवावा तसा त्याचा आकार. ढालीसारख्या फुगीर पाठीमुळे त्याला ढालकिडा म्हणतात. मुले त्याला काड्यापेटीत घालून घरात आणतात आणि विचारतात, "हा कोणता?" प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र तितके साधे नाही. जगात ढालकिड्यांच्या सुमारे ६००० जाती आहेत.

प्रथम मनात येते ते ठिपके मोजण्याचे. विद्वानांनीही तेच केले. स्वीडनमधील शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली एका ढालकिड्याला जे नाव दिले, त्याचा अर्थच 'सात ठिपक्यांचा' असा आहे. तीन ठिपके डावीकडे, तीन उजवीकडे आणि सातवा मानेलगत, दोन्ही पंखांच्या सांध्यावर. हा ओळखणे अवघड नाही. पण सहा ठिपक्यांचा म्हणून ज्याचे नाव पडले, त्याच्या पाठीवर पुष्कळदा ठिपक्यांऐवजी नागमोडी काळे पट्टेच आढळतात. शिवाय कोषातून नुकताच बाहेर पडलेला ढालकिडा फिकट पिवळा असतो व ठिपके काही तासांनी हळूहळू उमटतात. तेव्हा ठिपक्यांवर फार विसंबून चालत नाही. त्यांवरून किड्याचे वय कळते, ही समजूत तर अगदीच निराधार होय.

खरी फसगत होते ती वांग्याच्या वाफ्यात. तेथे अठ्ठावीस ठिपक्यांचा एक भुंगेरा आढळतो. तोही ढालकिड्यांच्याच कुळातील; परंतु याचा आहार निराळा. माव्याला तो शिवतही नाही. तो व त्याच्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि मागे शिरांची जाळी तेवढी उरते. अशी पाने पाहून संतापलेला माणूस वाफ्यातील सगळे ठिपकेवाले किडे वेचून चिरडतो. त्यांत माव्याचा फडशा पाडणारेही मरतात, कारण वांग्यावर मावा पडला म्हणजे तेही तेथे आलेलेच असतात. मग आठ-पंधरा दिवसांत शेंडे माव्याने भरतात आणि असे का झाले, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या दोघांतील भेद पाठीच्या चकाकीवरून कळतो. मावा खाणाऱ्यांची पाठ बहुधा तेल लावल्यासारखी तुळतुळीत असते. पाने खाणाऱ्याची पाठ निस्तेज, तांबूस-पिवळी असून भिंगातून पाहिल्यास तीवर बारीक लव दिसते. अळ्यांत तर हा भेद अधिकच उघड होतो. माव्यावर जगणारी अळी सडपातळ, काळपट आणि चपळ असते. जणू एखादी चिमुकली सुसरच! पाने खाणारी अळी पिवळी, मंद व अंगभर काटे असलेली असते. बापडी पहिली अळी मात्र आपल्या रूपामुळेच पुष्कळदा प्राणांस मुकते, कारण तिला कोणी ढालकिड्याचे पिल्लू मानतच नाही.

रूपाने याहूनही अधिक फसविणारा एक ढालकिडा आहे. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील. १८९८ साली भारतात आणला गेला. महाराष्ट्रात द्राक्षबागांतील पिठ्या ढेकणांचा नाश करण्यासाठी तो सोडतात. त्याच्या काळपट पाठीवर एकही ठिपका नसतो. त्याची अळी पांढऱ्या मेणचट धाग्यांनी इतकी झाकलेली असते, की ती स्वतःच पिठ्या ढेकूण वाटते! नवखा बागाईतदार शत्रू समजून तिलाच मारावयास धावतो.

काड्यापेटीत यांतले काहीच दिसत नाही. तेथे भ्यालेला ढालकिडा पाय आखडून मेल्यासारखा पडून राहतो आणि पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडवट रस सोडतो. तोच किडा ज्या वेलावर सापडला, त्या वेलावर परत ठेवावा व थोडा वेळ स्वस्थ बसून पाहावे. प्रथम तो हालत नाही. मग पाय बाहेर काढतो, देठावरून शेंड्याकडे चढू लागतो आणि वाटेत मावा भेटला, की तेथेच थांबून तो खाऊ लागतो.