इप्पोचा ठोसा कुठे बसतो, कुठे हुकतो

जॉर्ज मोरिकावा यांची 'हाजिमे नो इप्पो' ही बॉक्सिंगवरची मांगा १९८९ साली कोदान्शाच्या 'वीकली शोनेन मॅगझिन'मध्ये सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. चौदाशेहून जास्त प्रकरणं, १४० हून जास्त खंड. एका बॉक्सरची गोष्ट सांगायला एवढा कागद लागतो का? लागत नाही. याच साप्ताहिकात १९६८ ते १९७३ या काळात आलेली 'आशिता नो जो' वीस खंडांत संपली, आणि तिच्यातला रिकिइशी मेला तेव्हा १९७० मध्ये या काल्पनिक बॉक्सरचा खराखुरा अंत्यविधी करण्यात आला. थोडक्यात सांगूनही वाचकाला हलवता येतं, हे मोरिकावांच्या आधीच सिद्ध झालेलं होतं. तरी त्यांची मालिका इतकी का लांबली, आणि लांबूनही वाचक तिला का धरून राहिले? याचं उत्तर तिची एखादी लढत कशी रचलेली असते, त्यात सापडतं.

आधी माणूस कोण ते पाहू. माकुनोउची इप्पो हा शाळकरी मुलगा आईबरोबर मासेमारीच्या हौशी गिऱ्हाइकांसाठी बोट चालवतो. वर्गातली टगी पोरं त्याला बडवतात. एकदा ताकामुरा नावाचा बॉक्सर त्याला सोडवतो. मलाही बॉक्सर व्हायचंय, असं इप्पो म्हणतो तेव्हा ताकामुरा त्याला टाळण्यासाठी एक अट घालतो. झाडाला ठोसा मारायचा आणि गळणारी दहा पानं एका हाताने हवेतल्या हवेत पकडायची. मुदत आठवड्याची. इप्पो रात्रंदिवस पानांवर झडप घालत राहतो आणि प्रत्येक वेळी हाताच्या वाऱ्यानेच पान उडून जातं. हळूहळू त्याच्या ध्यानात येतं की हात पुढे जाण्याइतकाच तो झटकन मागे येणंही महत्त्वाचं आहे. जॅब म्हणजे काय, हे वाचकाला इथे कळून चुकतं. 'जॅब' हा शब्द शिकवायला कुणी फळ्यापाशी उभं राहत नाही.

मोरिकावांची खरी हातोटी हीच. ते स्वतः बॉक्सिंग जिम चालवतात, सामन्यात आपल्या खेळाडूच्या कोपऱ्यात उभे राहतात, आणि ते पानापानावर जाणवतं. चेहऱ्यावर बसलेला ठोसा कुणीही काढेल. मोरिकावा मागच्या पायाची टाच उचललेली दाखवतात, मग कंबर वळते, मग खांदा, आणि शेवटी मूठ. इप्पोच्या ठोशात एवढा जोर कुठून आला, याचं कारणही कथेतच आहे. हलत्या बोटीवर तोल सांभाळत जड खोकी उचलून त्याचे पाय आणि कंबर आधीच तयार झालेली असतात. ताकद आकाशातून पडत नाही.

आता लढतीची रचना. जवळजवळ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडे एक हत्यार असतं आणि ते हत्यार म्हणजे इप्पोपुढे टाकलेलं कोडं असतं. माशिबा र्योचं उदाहरण घ्या. उंच, लांब हातांचा हा फेदरवेट डावा हात छातीशी न धरता खाली लोंबता ठेवतो आणि कोपरातून चाबकासारखा वर फटकारतो. हा फ्लिकर जॅब. येतो कुठून ते दिसत नाही, आणि बुटक्या इप्पोला तर त्याच्याजवळ पोचणंच मुश्कील. कोडं पडलं की सराव सुरू होतो. म्हातारे प्रशिक्षक कामोगावा काहीतरी विचित्र कसरत करवून घेतात, तिचा उपयोग वाचकाला तेव्हा कळत नाही, आणि ऐन सामन्यात चौथ्या-पाचव्या राउंडला तो उलगडतो. दरम्यान मोरिकावा आपल्याला माशिबाच्या घरी नेऊन आणतात. आईवडील नाहीत, धाकटी बहीण कुमी आहे, हा काम करून तिला सांभाळतोय. याच माशिबाने आधीच्या सामन्यात इप्पोचा जुना प्रतिस्पर्धी मियाता याच्या पायावर पाय ठेवून फसवणूक केली होती. राग विरत नाही, पण तो हरावा असं निखालस वाटेनासंही होतं.

खलनायक तयार करायचा आणि मग त्याच्या बाजूने खिडकी उघडायची, ही या मालिकेची सगळ्यात मोठी कमाई आहे. ओसाकाचा सेंदो असो, रशियाहून आलेला वोल्ग असो किंवा इप्पोला पहिल्यांदा हरवणारा दाते एइजी असो, प्रत्येकाकडे जिंकण्याचं स्वतःचं कारण आहे. माझ्या मते सगळ्यात सुंदर लढतींपैकी एकीत तर इप्पो खेळतच नाही. घरच्या फुलांच्या दुकानात काम करणारा, इप्पोच्याच जिममधला किमुरा जपानच्या विजेतेपदासाठी माशिबाशी भिडतो. किमुरा सामान्य बॉक्सर आहे. त्याला ते ठाऊक आहे आणि आपल्यालाही. तो हरतो. तो सामना वाचताना मात्र निकाल ठाऊक असल्याचा विसर पडतो. त्याच जिममधला आओकी नूडल्सच्या दुकानात राबतो, इप्पो विजेता झाल्यावरही बोट सोडत नाही. व्यावसायिक बॉक्सर म्हणजे नोकरी सांभाळून मार खाणारा माणूस, ही बाजू खेळाच्या कथांत सहसा येत नाही.

इप्पोचं स्वतःचं हत्यार म्हणजे डेम्प्सी रोल. १९१९ साली हेवीवेट जगज्जेता झालेल्या जॅक डेम्प्सीच्या नावाचा हा डाव. शरीर आडव्या आठाच्या आकारात झुलवायचं आणि वजन ज्या बाजूला जाईल त्या बाजूने हुक मारायचा, लागोपाठ, थांबल्याशिवाय. पानावर हे विलक्षण दिसतं. चौकटी तिरक्या होतात, इप्पोची आकृती पुसट होते, कागद घुमल्यासारखा वाटतो. दुसरा एखादा लेखक हे हत्यार हाती देऊन मोकळा झाला असता. मोरिकावा त्यातली खोट शोधतात. ताल ठरलेला असेल तर तो मोजता येतो, आणि मोजता आला की नेमक्या क्षणी समोरून काउंटर मारता येतो. सावामुरा नावाचा प्रतिस्पर्धी तेच करतो. मग इप्पो झुलता झुलता मधेच करकचून थांबायला शिकतो, म्हणजे समोरच्याचा अंदाज चुकतो. त्याची किंमत त्याचेच पाय आणि स्नायू मोजतात, आणि कामोगावांना तो डाव बंद करावा लागतो. डाव, त्यावरची तोड, तोडीवर तोड आणि त्याचं बिल: इतकी प्रामाणिक साखळी क्रीडाकथेत विरळाच.

दुखणं याच कारखान्यात तयार होतं. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला कोडं, घर, भूतकाळ आणि दहा-बारा प्रकरणांचा सामना द्यायचा तर तिथे पाहुणा ठरणारा बॉक्सरही महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. इप्पो जपानचा विजेता होतो आणि पुढे विजेतेपद राखत बसतो. पहिल्या दोन-तीन बचावांना अर्थ आहे. नंतर साचा दिसायला लागतो: चमत्कारिक प्रतिस्पर्धी, मार खाणारा इप्पो, कोपऱ्यातून समजावणारे म्हातारे, प्रेक्षागृहातून तेच पुन्हा समजावणारे मित्र, मग पुनरागमन. एक ठोसा बसला की चार जणांची प्रतिक्रिया येते. आठवड्याला एक प्रकरण वाचणाऱ्याला ते खपतं, एका बैठकीत खंड वाचणाऱ्याला जाचतं. अलीकडची प्रकरणं आखूडही झाली आहेत, त्यामुळे चाल आणखी संथ वाटते.

विनोदाबद्दल मतभेद असतील. मला ताकामुराची टिंगलटवाळी पहिल्या वीस खंडांत आवडते, पुढे तोच तो अश्लील विनोद विटतो. कुमीच्या वाट्याला तर अन्यायच आला आहे. ती आणि इप्पो एकमेकांना आवडतात हे सगळ्या जगाला कळून तीन दशकं झाली, आणि दोघं अजून लाजतच आहेत. भावाच्या काळजीपलीकडे तिला स्वतःची गोष्ट जवळपास नाही.

सगळ्यात मोठी तक्रार मियाताची. इप्पोचा पहिला सराव-सामना त्याच्याशी झाला, दुसऱ्यात इप्पोने त्याला आडवा केला, आणि व्यावसायिक रिंगणात पुन्हा भेटायचं म्हणून मियाताने जिम बदलली. फेदरवेटची मर्यादा १२६ पौंड, म्हणजे साधारण ५७ किलो. मियाताचं शरीर त्याहून मोठं होत गेलं, तरी इप्पोसाठी तो स्वतःला उपाशी ठेवत त्याच गटात राहिला. सारी कथा या लढतीकडे बोट दाखवत होती. ती ठरली, आणि ऐन वेळी मियाताने वडिलांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या मुलाशी लढणं पसंत केलं. कारण कागदावर पटण्याजोगं आहे. वाचकाला मात्र ठेंगा मिळाला. दिलेला शब्द लांबवला की उत्सुकता वाढते हे खरं, पण एका मर्यादेनंतर वाचक लेखकाच्या हेतूवरच शंका घेऊ लागतो. मोरिकावांनी ती मर्यादा ओलांडली असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं झाल्यावर मालिका सोडून द्यावी असं वाटत असतानाच ते सगळ्यात धाडसी खेळी करतात. शेकडो प्रकरणं इप्पो मार खाऊन जिंकत आला, आणि आपण टाळ्या वाजवल्या. त्या ठोशांचा हिशेब कुणीतरी ठेवला असेल हे आपल्या डोक्यातच नव्हतं. कामोगावांचा जुना सोबती नेकोता तरुणपणीच्या ठोशांमुळे मेंदूला झालेली इजा आयुष्यभर वागवतोय, हे आधी येऊन गेलेलं असतं. मग गोन्झालेस नावाच्या बॉक्सरकडून इप्पोचा पराभव. मग त्याच्याही मेंदूला इजा झाल्याचा संशय. इप्पोला कागदावर सरळ रेघ ओढायला लावतात आणि रेघ वाकडी जाते. एवढ्याशा चित्रात मोरिकावांनी मागचे शंभर खंड उलटे वाचायला लावले. पुढे गेवाराकडून हरल्यावर तो निवृत्त होतो: २६ लढती, २३ विजय, २३ही नॉकआउट. त्यानंतर तो इतरांच्या कोपऱ्यात उभा राहतो, बर्फाची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन. नायक रिंगणाबाहेर आणि कथा चालूच, हे अनेकांना असह्य होतं. मला तो भाग आवडतो. आत असताना न दिसलेलं बॉक्सिंग इप्पोला बाहेरून दिसायला लागतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने १४० खंडांच्या चळतीला घाबरू नये. मॅडहाउसने केलेल्या २००० सालच्या ॲनिमेचे ७५ भाग पाहावेत, ते सेंदोशी झालेल्या दुसऱ्या लढतीपाशी नीट थांबतात. २००९ चा दुसरा हंगाम ताकामुरा आणि ब्रायन हॉकच्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीसाठी पाहावाच. गोडी लागली तर मग छापील खंडांकडे वळावं. मधल्या विजेतेपदाच्या बचावांपैकी दोन-तीन नुसते चाळले तरी काही बिघडत नाही. सावामुराचा मात्र चाळू नये.