लिनक्स नेमकं कुठे अडलं?

संगणक सुरू केला की काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं उमटायची, 'एल' आणि 'आय'. पुढे सगळं ठप्प. कळफलकावर काहीही दाबा, यंत्र ढिम्म. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्यांनी घरच्या संगणकावर लिनक्स चढवण्याचा उद्योग केला, त्यांना हा प्रसंग चांगलाच ठाऊक असेल. वैतागून बहुतेक जण एकच करत : डिस्क पुसायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. त्याची गरज क्वचितच असे. बिघाड कुठे आहे हे ती दोन अक्षरं सांगतच होती, फक्त ती वाचता यायला हवी होती.

फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण नवी कार्यप्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं; तीच लिनक्स. मार्च १९९४मध्ये तिच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, १.० ही आवृत्ती आली. तोवर कर्नल आणि इतर मोफत साधनं एकत्र बांधून देणारं स्लॅकवेअर आलं होतं, रेड हॅट येऊ घातलं होतं. भारतात ते जालावरून उतरवून घेणं मात्र घरच्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं खरं, पण सेकंदाला २८,८०० बिट आणणाऱ्या मोडेमवरून ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायची तर फोन सलग दोन दिवसांहून अधिक काळ अडकून राहिला असता. म्हणून 'पीसीक्वेस्ट'सारख्या मासिकासोबत येणारी सीडी हाच राजमार्ग. नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून एकेक सीडी हातोहाती फिरे.

संगणकही बहुधा 'असेंबल्ड' असायचा. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून जोडलेले, त्यामुळे एकाचं यंत्र दुसऱ्यासारखं नसे. आजचं लिनक्स यंत्रातले बहुतेक भाग स्वतःच ओळखतं. तेव्हा व्हिडिओ कार्डात कोणती चिप आहे, साउंड कार्ड कोणत्या आयआरक्यूवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याच्या क्रमांकावर आहे, हे माणसाने सांगावं लागे. शेजाऱ्याकडे चाललेली सीडी आपल्याकडे अडते, याचं मूळ बहुतेकदा इथेच असे.

चार अक्षरांचा दाखला

संगणक चालू झाला की बायोस हा यंत्रातच बसवलेला प्रोग्राम हार्ड डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि ताबा तिथल्या कोडकडे देतो. या ५१२पैकी ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्यात आणि दोन खुणेत जातात. उरलेल्या ४४६ बाइटमध्ये अख्खी कार्यप्रणाली शोधून आणणारा प्रोग्राम बसवायचा कसा? वेर्नर आल्मेसबर्गर यांच्या 'लिलो' या बूट लोडरने काम दोन टप्प्यांत वाटलं. पहिला टप्पा फक्त दुसऱ्याला बोलावतो आणि दुसरा कर्नल आणतो. वाटेत आपल्या नावाचं एकेक अक्षर तो पडद्यावर टाकत जातो.

काहीच उमटलं नाही, तर लिलोपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. नुसता 'एल' आणि पुढे दोन अंकी आकडा आला, तर पहिला टप्पा चालू झाला पण दुसरा वाचता आला नाही. बहुधा डिस्क खराब असते, किंवा तिची रचना बायोसला वेगळीच दिसत असते. 'एल-आय'वर अडलं, तर दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू झाला नाही. 'एल-आय-एल'वर थांबलं, तर तो चालू झाला पण त्याला कर्नलकडे नेणारा नकाशा वाचता आला नाही. चारही अक्षरं दिसली की लिलोचे सगळे भाग नीट आले असं समजावं.

'एल-आय'चं नेहमीचं कारण मोठं मजेशीर आहे. लिलोला फाइलचं नाव कळत नाही. नवी मुंबईत जसं सेक्टर आणि प्लॉट नंबरवर घर शोधतात, तसे डिस्कवरच्या तुकड्यांचे क्रमांक त्याने टिपून ठेवलेले असतात. कुणी लिलोची दुसऱ्या टप्प्याची फाइल हलवली किंवा पुन्हा चढवली, तर नाव तेच राहतं पण जागा बदलते, आणि लिलो जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो. उपाय मिनिटभराचा : लिनक्स चढवतानाच करून ठेवलेल्या बूट फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा आणि लिलोची आज्ञा पुन्हा एकदा चालवायची. नकाशा नव्याने तयार होतो. मुंबईच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी लागे, म्हणून जाणकार एकीच्या दोन करून ठेवत.

दुसरं कारण साध्या गुणाकाराचं. जुना बायोस डिस्कवरची जागा तीन आकड्यांनी ओळखायचा. सिलिंडर जास्तीत जास्त १०२४, हेड २५५ आणि प्रत्येक मार्गावर ६३ सेक्टर. १०२४ × २५५ × ६३ × ५१२ बाइट म्हणजे सुमारे ८.४ गिगाबाइट. डिस्क त्याहून मोठ्या येऊ लागल्या, पण बायोसची नजर तिथवर पोचेना. सुरुवातीला विंडोज आणि शेवटच्या कोपऱ्यात लिनक्स अशी वाटणी केली की लिलोची फाइल आणि कर्नल नेमके या हद्दीपलीकडे जाऊन पडायचे. म्हणून तेव्हाचे मार्गदर्शक बजावत की डिस्कच्या सुरुवातीलाच 'बूट'साठी काही मेगाबाइटांची छोटी वाटणी राखून ठेवा.

०३:०५ म्हणजे काय?

लिलोने कर्नल आणून दिला की पडद्यावर ओळी धावू लागतात. प्रोसेसर सापडला, स्मृती मोजली, डिस्क सापडली. आणि मध्येच 'कर्नल पॅनिक' : ०३:०५वरची मूळ फाइलव्यवस्था जोडता आली नाही. नवखा माणूस या शब्दांनीच गारठायचा. पण त्यातला आकडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरणाला दोन क्रमांक असतात. ०३ म्हणजे पहिल्या आयडीई जोडणीवरच्या डिस्क, ०५ म्हणजे त्यातल्या पहिल्या डिस्कची पाचवी वाटणी. लिनक्स सहाव्या वाटणीत चढवलं असेल, तर कर्नल चुकीच्या दारात उभा आहे, एवढाच याचा अर्थ. बूट होताना योग्य वाटणीचं नाव टंकलं की काम झालं. वाटणी बरोबर असूनही हाच संदेश आला, तर त्या डिस्कचा किंवा फाइलव्यवस्थेचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घालायचा राहिला आहे, असा तर्क करता येई.

सगळं सुरळीत चाललेलं असताना वीज गेली तर वेगळंच दुखणं. तेव्हाची ईएक्सटी-२ ही फाइलव्यवस्था काय लिहायचं बाकी आहे याची नोंदवही ठेवत नसे. काम चालू असताना वीज गेली की पुढच्या वेळी अख्खी डिस्क तपासली जाई, आणि घोटाळा मोठा असेल तर तपासणीची आज्ञा हाताने चालवा असं सांगून यंत्र थांबे. नोव्हेंबर २००१मध्ये नोंदवही ठेवणारी ईएक्सटी-३ कर्नलमध्ये आली आणि वीज गेल्यानंतरची ही लांबलचक तपासणी सरली.

पडद्याचं गणित

सर्वांत जास्त घाम काढला तो चित्रमय पडद्याने. एक्सफ्री८६ या प्रणालीला मॉनिटर सेकंदाला किती आडव्या रेषा आखू शकतो आणि किती वेळा पूर्ण चित्र काढू शकतो, हे आकड्यांत सांगावं लागे. हे आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेत असत, आणि असेंबल्ड यंत्रासोबत पुस्तिका मिळेलच असं नसे. मग लोक अंदाजपंचे भरत. जुने, एकाच वारंवारतेचे मॉनिटर चुकीच्या आकड्यांनी खरोखर जळू शकत.

एक उदाहरण करून पाहू. ८०० बाय ६०० ठिपक्यांच्या चित्रासाठी सेकंदाला चार कोटी ठिपके पाठवले जातात. एका रेषेत दिसणारे ठिपके ८००, पण इलेक्ट्रॉन झोताला पुन्हा डावीकडे परतायला वेळ लागतो, तो धरून १०५६. चार कोटी भागिले १०५६ म्हणजे सेकंदाला सुमारे ३७,९०० रेषा, म्हणजेच ३७.९ किलोहर्ट्झ. झोत वर परत जाण्याचा वेळ धरून एका चित्रात ६२८ रेषा. भागाकार केला की सेकंदाला साधारण ६० चित्रं. मॉनिटरची मर्यादा ३८ किलोहर्ट्झ असेल, तर हे जेमतेम बसतं. त्याच मॉनिटरला १०२४ बाय ७६८चं चित्र दिलं, तर सुमारे ४८ किलोहर्ट्झ लागतात. मग तिरक्या फाटलेल्या रेषा दिसतात किंवा पडदा काळा पडतो. बिघाड कार्डात नाही आणि लिनक्समध्येही नाही. मॉनिटरला झेपेल त्यापेक्षा जास्त मागितलं, इतकंच.

अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि बॅकस्पेस एकत्र दाबले की चित्रप्रणाली बंद पडून अक्षरांचा पडदा परत येई. जाणकार आणखी एक पथ्य पाळत. पडदा हाताने नीट चालतो हे पाहिल्याशिवाय संगणक थेट चित्रमय अवस्थेत सुरू करायचा नाही. नाहीतर पडदा पुन:पुन्हा पडतो, पुन:पुन्हा उभा राहू पाहतो, आणि शेवटी 'पाच मिनिटांसाठी बंद' असा निरोप देऊन यंत्रच हात टेकतं.

फोन लागला, पण इंटरनेट नाही

नवी मुंबईत फोन एमटीएनएलचा आणि इंटरनेट विदेश संचार निगमचं. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यात फक्त अक्षरं दिसत, चित्रांसाठी महागडं खातं घ्यावं लागे. लिनक्सवरून जोडणी करताना पहिली ठेच मोडेमचीच. विंडोजमधला 'कॉम-१' हा लिनक्समध्ये 'टीटीवाय-एस-शून्य' होतो, कारण लिनक्स मोजणी शून्यापासून करतं. दुसरी अडचण 'विनमोडेम'ची. हे स्वस्त कार्ड आपलं निम्मं काम विंडोजमधल्या प्रोग्रामवर सोपवी. विंडोज नसेल तर ते निकामी, मग कितीही सेटिंग बदला.

यापुढचा शोध तीन पायऱ्यांचा. मोडेम नंबर फिरवतो का? नसेल तर पोर्ट किंवा मोडेम तपासा. पलीकडचा सर्व्हर आकडी पत्त्यावर हाक मारली असता 'ओ' देतो का? नसेल तर खातं, पासवर्ड किंवा पीपीपीची, म्हणजे फोनवरून इंटरनेट जोडणाऱ्या पद्धतीची, सेटिंग तपासा. आकडी पत्ता चालतो पण नावाने हाक मारली की उत्तर नाही? मग फक्त नावांचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या सर्व्हरचा पत्ता एका छोट्या फाइलमध्ये लिहायचा राहिला आहे. अवघ्या तीन प्रश्नांत बिघाड एका फाइलपुरता उरतो. आजच्या वाय-फायवरही याच धर्तीचे तीन प्रश्न चालतात.

मराठी दिसेना, तेव्हा

एवढं सगळं जुळलं तरी देवनागरीचा प्रश्न उरतोच. हे काम ज्या संस्थांनी हाती घेतलं, त्यात मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था महत्त्वाची. तिने 'इंडिक्स' प्रकल्पात लिनक्सच्या चित्रप्रणालीतच भारतीय लिप्यांची सोय केली. पुढे ही संस्था सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली. आज सी-डॅक मुंबईचं एक केंद्र खारघर स्थानकासमोर आहे. मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा टंक घडवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी एनसीएसटीसाठी 'रघु' हा टंक केला.

'किल्ला' हा शब्द संगणक क, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, ल, काना या क्रमाने साठवतो. पडद्यावर मात्र वेलांटी 'क'च्या आधी यायला हवी आणि दोन 'ल' जोडले जायला हवेत. म्हणजे अक्षरांची चित्रं पुरवणारा टंक आणि त्यांचा क्रम लावणारा प्रोग्राम, दोन्ही लागतात. इथेही लक्षणावरून निदान होतं. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर टंक नाही. अक्षरं आहेत पण वेलांटी भलतीकडे आणि हलन्त उघडे, तर क्रम लावणारा भाग काम करत नाही. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या एखाद्या टंकाच्या खासगी संकेतात आहे. ही तिन्ही लक्षणं सरकारी कार्यालयांतल्या आणि छापखान्यांतल्या फाइलींत आजही भेटतात.

या सगळ्या उदाहरणांतून एकच रीत दिसते. 'काय बिघडलं' असं विचारण्याआधी 'शेवटचं काय नीट झालं' हे विचारायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलण्याआधी जुन्या फाइलची प्रत काढून ठेवायची. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, आकड्यांसकट उतरवून घ्यायचा. आजच्या यंत्रांत हे संदेश एखाद्या गुळगुळीत बोधचिन्हामागे झाकलेले असतात. बिघाड झाल्यावर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच कळतं आणि माणूस थेट दुरुस्तीवाल्याकडे जातो. सोय वाढली यात शंका नाही, पण यंत्र आतून कसं चालतं हे शिकण्याची एक चांगली वाट त्यात बुजली.

ती वाट पुन्हा मोकळी करता येते. आजच्या संगणकात आभासी संगणक तयार करून देणारे क्यूईएमयू, व्हर्च्युअलबॉक्स यांसारखे प्रोग्राम मोफत मिळतात आणि स्लॅकवेअरच्या जुन्या आवृत्त्याही. अकरावी-बारावीच्या मुलांनी एखाद्या सुट्टीत त्यातली एखादी चढवून पाहावी, मुद्दाम मोडावी आणि पुन्हा उभी करावी. खऱ्या डिस्कला काही धोका नाही. आधी ओळख हवी असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही मोफत आहेत. सुरुवात तिथून करावी.