हरकत नाही म्हणण्याआधी

गावाबाहेरच्या शेतात ज्वारीऐवजी चुन्याच्या रेघा दिसू लागल्या, की समजावे, इथे प्लॉट पडले. महिन्याभरात रस्त्याकडेला फलक लागतो. त्यावर बाग असते, रुंद रस्ता असतो, दिव्याचे खांब असतात. आपल्या मोहल्ल्यात वाटल्या जाणाऱ्या पत्रकावर आणखी एक ओळ असते : मशिदीसाठी जागा राखीव. घरात मुले मोठी झालेली असतात, भाड्याच्या दोन खोल्यांत नवी सून आलेली असते. मग दागिने मोडून, आखातातल्या भावाकडून उसने घेऊन बाँडवर सौदा होतो. साक्षीदार सह्या करतात, पेढे वाटले जातात. मंजूर नकाशा कुठे आहे, असे विचारायला जीभ उचलत नाही, कारण विकणारा ओळखीचा असतो, बहुधा जमातीतलाच. 'काही हरकत नाही' म्हणत आपण पैसे मोजतो.

'हरकत' हा शब्द आपण रोज नाकारण्यासाठीच वापरतो. महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात मात्र तो सामान्य माणसाच्या हातात दिलेला आहे, आणि तो वापरण्याची मुदतही ठरलेली आहे. ती मुदत आपल्या वस्त्यांत किती जणांना माहीत आहे, याबद्दल आम्हाला शंका आहे. म्हणून हा लेख.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्यानुसार प्रत्येक नगरपालिका आणि महानगरपालिका आपल्या हद्दीचा विकास आराखडा करते. कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती शेतीसाठी, रस्ता कुठून जाणार, शाळा, दवाखाना, प्रसूतिगृह, बाजार, बाग आणि कब्रस्तान कुठे, हे त्यात रंगांनी आणि आकड्यांनी दाखवलेले असते. हा आराखडा साधारण 20 वर्षांतून एकदा नव्याने होतो. मसुदा तयार झाला, की राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना निघते. नकाशा कार्यालयात पाहायला ठेवतात, त्याची प्रत विकतही मिळते. सूचना आणि हरकती देण्यासाठी सर्वसाधारणपणे 30 दिवस असतात. ज्यांनी लेखी दिले त्यांना नियोजन समिती सुनावणीला बोलावते. पुढे आराखडा सरकारकडे जातो. सरकारने त्यात मोठे फेरबदल केले, तर तेवढ्या भागापुरती पुन्हा एकदा संधी मिळते.

वीस वर्षांत तीस दिवस. एवढ्यात मोहल्ल्याच्या पुढच्या एका पिढीचे बरेच काही ठरते. कारण नंतर एखादा बिल्डर किंवा जमीनमालक त्या आराखड्यानुसार प्लॉटचे रेखांकन मंजुरीला टाकतो, तेव्हा शेजाऱ्यांना विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. परदेशांत अनेक ठिकाणी एका कॉलनीसाठीसुद्धा शेजाऱ्यांना बोलावून सुनावणी घेतात. आपल्याकडे नगररचना विभाग नियम तपासतो, शुल्क घेतो आणि परवानगी देतो किंवा नाकारतो. बोलायची वेळ आधीच होऊन गेलेली असते.

असे बोलून काही होते का, हा नेहमीचा प्रश्न. मुंबईचे उदाहरण ताजे म्हणता येईल असे आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबई महापालिकेने शहराचा नवा मसुदा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात चुका इतक्या होत्या, की वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या वास्तू आणि प्रार्थनास्थळेही काही ठिकाणी नीट दाखवलेली नव्हती. हरकती हजारोंच्या संख्येने आल्या. मोठ्या संस्थांबरोबर गल्लीतल्या साध्या रहिवाशांनीही अर्ज दिले. एप्रिल 2015 मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला आणि 2018 मध्ये मंजूर झाला. सगळ्यांचे समाधान झाले असे नाही, तसे कधी होतही नाही. पण नकाशावरून पुसली गेलेली वास्तू पुन्हा नकाशावर आणता येते, एवढे त्यातून दिसले.

आता आपल्या शेतातल्या चुन्याच्या रेघांकडे येऊ. मंजूर रेखांकनात मालकाला मनासारखे तुकडे पाडता येत नाहीत. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे. तिच्यानुसार जमीन 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल, तर 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. रेखांकन फार मोठे असेल तर शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी सुविधा क्षेत्र वेगळे काढावे लागते. सर्वसाधारण निवासी रेखांकनात आतला रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद चालत नाही. नऊ मीटर म्हणजे सुमारे तीस फूट. आपल्या वस्तीत हा आकडा वाचला की हसू येते, कारण आपल्याकडे दहा फुटांच्या गल्लीतून दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावे लागते. तिथे रुग्णवाहिका चौकात थांबते आणि आजाऱ्याला खुर्चीत बसवून चौघे उचलून नेतात. जनाजा वळणावर कसा वळवायचा, हे ठाऊक असलेली माणसे प्रत्येक गल्लीत ठरलेली असतात.

हे असे का झाले, याचे उत्तर एका शब्दात आहे : गुंठेवारी. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत, हा त्याचा हेतू. पण शहरांना घरे हवी होती आणि गरिबाला एक-दोन गुंठेच परवडत होते. नोंदणी होईना, म्हणून व्यवहार बाँडवर होऊ लागले. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, तिथल्या कितीतरी वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. त्या सगळ्या काही आपल्या समाजाच्या नाहीत. पण दंगलींच्या आठवणी, इतर वस्त्यांत घर मिळताना येणाऱ्या अडचणी आणि आपल्या माणसांत राहण्याची ओढ या तिन्हींमुळे आपले लोक अशा जागी जास्त ढकलले गेले. मुंब्रा 1992-93 नंतर कसा भरला, हे तिथल्या बुजुर्गांना विचारावे.

बाँडबद्दल एकदा स्पष्ट लिहिलेच पाहिजे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय पुरी होत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. तुमच्या हातात बाँड आणि सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे, अशी स्थिती असते. उद्या तो शेतकरी वारला आणि त्याच्या मुलांनी तोंड फिरवले, तर धावपळ तुमची. पत्रकावरच्या मशिदीच्या जागेचेही तसेच. ती मंजूर रेखांकनात नसेल तर ती फक्त पत्रकावर आहे. पुढे तोच तुकडा विकला गेला, की भांडण मशिदीचे होते, आणि विकणारा मजेत राहतो.

याहून वाईटही घडते. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळली. काम अजून चालूच होते, तरी खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आली होती. 74 माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. परवानगीची कटकट नको, म्हणून स्वस्त पडणाऱ्या घराची खरी किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

जे राहायला गेले आहेत त्यांनी काय करावे? 2001 साली राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची घरे त्यात घेतली. विकास शुल्क आणि दंडवजा शुल्क भरून घर नियमित होऊ शकते. आरक्षित जागेवरच्या किंवा पूररेषेतल्या घरांचा प्रश्न मात्र त्याने सुटेलच असे नाही. शुल्काचा आकडा ऐकून लोक मागे फिरतात. आमचे मत असे, की लग्नात दोन पदार्थ कमी करून हे पैसे भरावेत. घर कागदावर आले की बँक कर्ज देते आणि वारसांची वाटणी सरळ होते. आपल्याकडे मुली-बहिणींचा वाटा बुडवायला 'कागदच नाहीत' ही सबब फार सोयीची ठरलेली आहे.

जे घेणार आहेत त्यांच्यासाठी काम सोपे आहे. सातबारा पाहा. नगररचना विभागातून त्या गट नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. बिगरशेतीचा आदेश आणि सही-शिक्क्याचा मंजूर नकाशा मागा. मोठ्या प्रकल्पाची महारेरात नोंद आहे का, ते मोबाईलवरही कळते. विकणारा रागावला, 'भाईजान, विश्वास नाही का' म्हणाला, तर आपले उत्तर तिथेच मिळाले असे समजावे.

आता दवाखान्यांकडे आणि म्हाताऱ्या माणसांकडे. आराखड्यात दवाखान्याचे आरक्षण टाकले म्हणजे दवाखाना झाला असे नाही. जमीन खाजगी असेल आणि आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत पालिकेने ती ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. त्यानंतर 24 महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होते आणि जागा मालकाला मोकळी मिळते. म्हणून आपल्या प्रभागात कोणती आरक्षणे आहेत आणि त्यांना किती वर्षे झाली, याची वही मोहल्ल्यात कुणीतरी ठेवली पाहिजे. नगरसेवक मते मागायला येतात तेव्हा गटाराबरोबर या वहीतले प्रश्नही विचारावेत. आरक्षण बदलायचे असेल तर पालिकेला कलम 37 खाली जाहीर सूचना काढून एक महिन्यात हरकती मागवाव्या लागतात. या सूचना वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. मुशायऱ्याच्या जाहिरातीइतके लक्ष तिकडे गेले तरी पुष्कळ.

वृद्धाश्रम म्हटले की आपल्या घरांत कपाळाला आठी पडते. सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आई-वडिलांशी बोलण्याची रीतसुद्धा शिकवलेली आहे, मग त्यांना आश्रमात कसे ठेवायचे? ही भावना खरी आहे आणि ती टिकावी. पण दोन्ही मुले दुबईत, मुलगी सासरी, आणि तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहिलेल्या अम्मी, हे चित्रही आपल्याच मोहल्ल्यातले आहे. जिच्यामागे कुणीच उरले नाही, तिचे काय? 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, 150 जणांना पुरेल असा वृद्धाश्रम सरकारने उभारण्याची तरतूद आहे. तो आपल्या जिल्ह्यात कुठे आहे, हे विचारायला समाजकल्याण कार्यालयात जावे. आणि आश्रम नकोच असेल तर विरंगुळा केंद्र तरी मागावे. दिवसा चार तास बसायला, रक्तदाब तपासायला, गप्पा मारायला जागा. म्हाताऱ्या पुरुषांना निदान मशिदीचा ओटा आहे. म्हाताऱ्या बायकांना घराच्या उंबऱ्यापलीकडे बसायला जागा कुठे आहे? एकाही आराखड्याच्या वेळी हे मागणारा अर्ज आपल्या मोहल्ल्यातून गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हरकतीला दुसरी बाजूही आहे. 2021 साली टाटा कर्करोग रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी म्हाडाने लालबाग-परळ भागातली 100 घरे द्यायचे ठरवले. त्या इमारतींतल्या रहिवाशांची तक्रार आमदारांमार्फत मुख्यमंत्र्यांकडे गेली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. नंतर घरे बॉम्बे डाईंगच्या जागेतल्या इमारतीत द्यायचे ठरले. आजारी माणूस आपल्या जिन्यात नको, असे वाटणारे लोक सगळ्या समाजांत आहेत, आपल्यातही. मोहल्ल्यात क्षयरोगाचे केंद्र किंवा मनोरुग्णांसाठी निवारा येणार म्हटल्यावर जुम्म्यानंतर जी कुजबुज होते ती ऐकून पाहावी. रस्ता अरुंद आहे, पाणी पुरत नाही, ही हरकत रास्त. ही माणसेच नकोत, ही हरकत नव्हे. घर भाड्याने मागताना हेच शब्द आपण स्वतःबद्दल ऐकलेले आहेत.

अर्ज कसा लिहावा? मराठीत, साध्या कागदावर. नाव, पत्ता, सर्वे किंवा गट नंबर, नकाशातला आरक्षण क्रमांक, आणि काय हवे किंवा काय नको ते चार ओळींत. कारण द्यावे : अमुक वस्तीत इतकी घरे, जवळचा सरकारी दवाखाना इतक्या किलोमीटरवर, कब्रस्तानात जागा उरलेली नाही. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स देण्यापेक्षा वेगवेगळ्या दहा घरांनी आपापली अडचण लिहिलेली बरी, असे आम्हाला वाटते. मोहल्ल्यात एखादी मुलगी सिव्हिल इंजिनियरिंग किंवा वास्तुकला शिकत असेल तर नकाशा वाचायला तिला बसवावे. अर्ज आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा आणि ती प्रत जपून ठेवावी, कारण सुनावणीचे पत्र आले नाही तर तिच्याच आधारे विचारता येते. सुनावणी बहुधा कामाच्या दिवशी, दुपारी असते. पुरुषांना रजा मिळत नसेल तर घरातल्या बायकांनी जावे. गल्लीत पाणी किती वाजता येते आणि रिक्षा कुठपर्यंत पोहोचते, हे त्यांनाच नेमके सांगता येईल.